मधल्या खुर्चीचा मान

...आन् वर मलाच इचारत्यात, आबा तुमी हसत का न्हाई! हसू कशाला? तुमाला सांगतो, अख्ख्या मुळशी तालुक्यात ह्या हैबतरावाला कोंडीत धरील असा मानूस अजून जन्माला यायचा हाय. म्हंजी... आल्यात तसे जन्माला तीन-चार. एक माझ्याच घरात भाकरी थापती, एक भावकीत हाय, एक पुन्यासनं आला, आन् एक तर माझ्याबी आदुगर जन्माला येऊन बसली होती, ती माझी चुलती. पन ह्येंच्याबिगर कोन न्हाई बरं का! ह्येंच्याबिगर तालुका माझाच. आन् ह्या चौघांनी मिळून माझी गत काय केली? उठता येईना, बसवंना!

बसा, बसा. माले गावच्या गाडीला येळ हाय अजून, आन् आली तरी मी चढू दिनार न्हाई, ऐकूनच जायचं.

आमची भाताची गिरनी होती माल्यात, सडकंच्या कडंला. होती म्हंजी हाय अजून. पत्रा हाय, भिंती हायेत, निसतं भात न्हाई. लोकांनी रानं इकली, रानात बंगलं उगावलं, आता बंगलं काय भरडून देनार व्हय मी? गिरनी बंद पडली, घुशी नांदाय लागल्या. तर माझी नात, सायली, हिंजवडीला कंपनीत असती, ती एक दिस मैतर घिऊन आली. अनिमेष त्येचं नाव. दाढी अशी की राखली म्हनावं तर राखल्याली न्हाई, काढली म्हनावं तर काढल्याली न्हाई. गिरनीत शिरला, टाळी वाजवून बघितली, वर पत्र्याकडं बघितलं आन् मला म्हनतुया, "आजोबा, इथे लाइव्ह कॉमेडी काय भारी होईल!"

म्हंजी काय? तर एक मानूस मायकापुढं उभा ऱ्हानार. पाठीमागं काळा पडदा, शेजारी एक उंच इस्टूल, त्या इस्टुलावर पान्याची बाटली... मानूस इस्टुलावर बसत न्हाई बरं का, बाटलीच बसती... आन् म्होरं बसल्याल्या लोकांची त्यो इज्जत काढनार. आन् ती लोकं तिकीट काढून इज्जत काढून घेनार, आन् टाळ्या वाजवनार! तुमाला सांगतो, माझ्या डोळ्यात पानी आलं. आरं, हे काम मी आयुष्यभर फुकाट करतुया! बारशाला केलंय, लग्नात केलंय, एकदा तर दहाव्याला केलंय आन् मयताचा ल्योक हसून हसून घाटावर बसला. रिसॉर्टवर आल्याल्या पावन्यांना रानरेडा म्हून शेजाऱ्याची म्हस दावलीया, त्येंनी तिच्यासंगं फोटू काढल्यात. साळंत चवथीला तिसऱ्यांदा बसलो तवा मला कटाळून गुरुजींनी बदली मागून घेतली. पन मला कधी कुनी इस्टूल दिलं का? बाटली दिली का?

आन् दुसरा एक परकार करत्यात ही पोरं, त्येला इम्प्रोव म्हनत्यात. म्हंजी नाटकच, पन लिवल्यालं न्हाई. लोकांनी बसल्या जागंवरनं वरडून सांगायचं, अमुक ठिकान, तमुक नातं, आन् ह्येंनी तितल्या तितं उभं राहून करून दावायचं. कुनाला काय ठावं न्हाई पुढं काय व्हनार. मी म्हनलं, पोरांनो, आमी गिरामसभेत दुसरं काय करतो?

दिली गिरनी. शनवार-रैवार त्येंचा. नाव काय ठिवलं ठावं हाय? "कोंडा." पाटीवर हे एवढ्या अक्षरात. आमी कोंडा म्हशीला घालतो, ह्येंनी पाटीवर घातला. मी अट एकच टाकली, भाईर आवाज येता कामा न्हाई, माझी म्हस पान्हा चोरती. अनिमेष म्हनला, डोंट वरी आजोबा, सगळं पॅक करतो. केलं की त्येनं पॅक. असं केलं पॅक...

पन थांबा, कैलास ऱ्हायला.

कैलास माझा चुलतभाव, धाकट्या पातीचा, म्हंजी धाकट्या भावाच्या घरचा. आमी थोरली पाती. त्येचं घर आन् रान माझ्या रानाच्या पल्याड, ओढ्याच्या अंगाला. सडकंला यायचं तर सरळ वाट माझ्या बांधावरनं. पन बांध कुनाचा? माझा. म्हून ती मंडळी ओढ्यानं वळसा घालून यायची. भाताचं भारं डोक्यावर, खताच्या गोनी डोक्यावर, गॅसची टाकी डोक्यावर. कैलासनं जीप घेतली, तर ती जीप उभी सडकंला, माझ्या घराम्होरं, ताडपदरी पांघरून. घरापतुर न्यायची कुटनं? माझ्या कोंबड्या त्या जीपमधी अंडी घालायच्या. जीप त्येची, कोंबडी माझी, मग अंडं कुनाचं? ह्याच्यावर आमी एकदा सबंद दुपार भांडलोय. काय दुपार गेली होती म्हनून सांगू!

आन् त्येची आई सगुनाबाई. माझी चुलती, माझ्यापरास थोडीच मोठी, पन गुडघं पार गेल्यालं. तिला दवाखान्यात न्यायची म्हंजी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवायची आन् चौघांनी उचलायची, ओढ्यातनं. गेल्या पावसाळ्यात मधीच एकाचा पाय घसारला, खुर्ची गेली एकीकडं आन् चुलती बसली कमरंएवढ्या पान्यात. तितनं तिनं माझ्या नावानं ज्या शिव्या घातल्या त्या मला घरात ऐकू आल्या. पुन्याच्या पोरांना आवाज भाईर जाऊ नये म्हून गाद्या लावाव्या लागत्यात, आमच्या काकूला मायकबी लागत न्हाई.

तुमी म्हनाल, हैबतराव, द्या की वाट, काय सोनं पिकतंय बांधावर? न्हाई पिकत. एक जांभूळ हाय, त्येबी किडकं. पन तसं नसतं वो त्ये! ह्यो कैलास दर दसऱ्याला, दर पाडव्याला घरी यायचा. पाया पडायचा, ओट्यावर बसायचा, च्या प्यायचा, माझ्या थट्टा ऐकायचा. उगं वरवर न्हाई, मन लावून ऐकायचा, हसायचा जागेवर हसायचा, कारन गरज त्येची. आन् उठता उठता हळूच, "दादा, ते वाटंचं जरा..." आन् मी म्हनायचो, न्हाई. काय चव असती त्या न्हाईला! गुळाचा खडा तोंडात धरल्यावानी, दिसभर पुरायचा. आमची धोंडाबाई आतनं म्हनायची, द्या की वो एकदाची. मी तिलाबी म्हनायचो, न्हाई. एकदा वाट दिली की त्यो हितं कशाला मरायला येतुया? तर ती म्हनली, म्हंजी तुमी बांध न्हाई, मानूस अडवून ठिवलाय. आता बायकांच्या बोलन्याकडं किती ध्यान द्यायचं?

तर "कोंडा" सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात त्या पोरांची रंगीत तालीम होती. मी पडद्याआडनं बघितली आन् मला एक गोष्ट उमागली. ही पोरं सगळ्यांना धरत न्हाईत. म्होरच्या रांगंत मधी जो बसतो, त्येला धरत्यात. त्यो बकरा. त्येचं नाव, गाव, लगीन, पोट, समदं उसवून बघत्यात. मी तितंच ठरावलं, पैला खेळ गावासाठी फुकाट हाय, आन् मधल्या खुर्चीत कैलास.

अनिमेषला बाजूला घेतला. म्हनलं, मधल्या खुर्चीवर जो बसंल त्येला सोडू नगंस. लई हेकट मानूस हाय. दुसऱ्याच्या टोप्या उडावतो, पन सोताच्या टोपीला कुनी हात लावला तर दोन दिस जेवत न्हाई. घोरतो असा की म्हस दावं तोडती. मिशीला कलप लावतो. कुनी काय बी मागू दे, तोंडातनं पैला शब्द "न्हाई" भाईर पडतो. आता खरं बघाल तर कैलासला मिशीच न्हाई. पन सांगायच्या वघात येतं वो काईबाई, मानूस आपल्याला ठावं असंल त्येच सांगनार ना? अनिमेष माझ्याकडं बघून गालात हसत होता. मला वाटलं, पोरगं हुशार हाय, लगीच समजलं.

खेळाच्या दिशी सांजचं गाव लोटलं. पाठीमागं रिसॉर्टवरची पुन्याची मंडळी, म्होरं आमची. आन् म्होरची रांग मोकळी. आता आमच्यात रीत काय, तर मानाचा मानूस बसल्याबिगर म्होरच्या रांगंत कुनी बूड टेकवत न्हाई. तमाशा असू दे, भाषन असू दे, नायतर बैलाचं इंजेक्शन असू दे. मी कैलासच्या पाठीवर हात ठिवला, गोड आवाज काढला, म्हनलं, बस की मधी, आज तुझा मान. त्येनं काय करावं? हात जोडलं आन् समद्या गावादेखत म्हनला, "दादा, थोरली पाती उभी असताना मी बसू व्हय? आदी तुमी."

झालं! गाव माझ्याकडं बघाय लागलं. आता माझी पंचाईत बघा. जत्रंचा नारळ कुनाचा? थोरल्या पातीचा. होळीचा पैला निवद कुनाचा? थोरल्या पातीचा. एका वर्षी कैलासच्या बापानं चुकून माझ्या आदी नारळ फोडला तर मी त्या नारळाचं खोबरं आजपतुर खाल्लं न्हाई. आन् आता त्याच गावाम्होरं म्हनू, मला मान नगं, मी पाठीमागं बसतो? बसलो. मधल्या खुर्चीत. मानानं बसलो, बकऱ्यावानी बसलो.

डाव्या अंगाला धोंडाबाई. लग्नाच्या पाटानंतर पैल्यांदाच शेजारी बसलो आमी, तवाबी पळता आलं नव्हतं. उजव्या अंगाला कैलासनं सगुनाकाकूला तिच्या प्लास्टिकच्या खुर्चीसकट आनून ठिवली, जायच्या वाटंत, बूच बसवल्यावानी, आन् सोता तिच्या पल्याड कडंला बसला. पाठीमागं गावाचं गुडघं माझ्या पाठीत. आन् भाईरनं शटर वडलं, म्हशीसाठी. उठता येईना, बसवंना!

अनिमेष आला, मायक हातात घेतला, आन् इकडं न्हाई, तिकडं न्हाई, सरळ माझ्यावर. एरवी आजोबा म्हननारं पोरगं, मायक हातात आला तसा मी काका झालो. "काका, मिशी छान आहे. कोणता नंबर?" गाव फुटलं. मी डोळ्यानं खुनावतोय, आरं मी न्हाई, मी न्हाई, त्यो, त्यो कडंचा! तर ह्यो मायकातनं म्हनतुया, "मंडळी, काका इतके लाजाळू आहेत, परवा मला बाजूला घेऊन आडून आडून स्वतःचंच सगळं सांगत होते, मला सोडू नका म्हणाले." आन् मंग समदं वाचलं त्येनं. टोपी, घोरनं, म्हशीचं दावं... समदं. गाव हसत न्हवतं वो, गाव वसूल करत होतं. ज्येच्या ज्येच्या मी टोप्या उडावल्या होत्या त्यो त्यो मान वर करून हसत होता. शेजारी धोंडाबाई पदर तोंडात कोंबून हलतीया, तिची खुर्ची माझ्या खुर्चीवर आपटतीया.

मी काय केलं? मी करंगळी वर केली आन् उठलो. अनिमेष म्हनला, "काका, शाळा सुटली कधीच, बसा." बसलो. उजवीकडनं निसटावं तर काकूच्या खुर्चीचा पाय. म्हनलं काकू, जरा सरक. काकू म्हनली, मला सरकता येत असतं तर तुझ्या शेजारी बसले असते व्हय?

मंग त्येनं इचारलं, काका, स्टेजवर याल? मी म्हनलं, न्हाई. त्येनं गावाला इचारलं, काका नेहमी नाहीच म्हणतात का? आन् समदं गाव, बाया-बापे, एका सुरात, "व्हय!" अशी एकी मी सोसायटीच्या निवडनुकीत बघितली न्हाई. "मग आज काकांना नाही म्हणायला बंदी," म्हनला.

आन् तवा माझ्या टक्कुऱ्यात एक इचार आला. पडद्यापाठीमागं कोंडा काढायचं बारकं दार हाय. म्या सोता पाडल्यालं, जुन्या काळात. उजवीकडं काकू, डावीकडं बायकू, पाठीमागं गाव, मग म्होरंच पळावं की! उठलो. टाळ्यांचा कडकडाट. पायरी चढलो, हात जोडलं, आन् तसाच सरळ पडद्यात घुसलो. दार कुटंय? दार न्हाई! दाराच्या जागंवर गादी. गादीवर फळी. फळीवर खिळं. माझ्या म्हशीसाठी! पडद्याआड मी गादीला धडका देतोय, आन् पडदा हलतोय, आन् भाईर लोकांना वाटतंय की म्हातारं काय काम करतंय! टाळ्या थांबनात. शेवटी अनिमेषनं पडदा बाजूला केला आन् मला धरून भाईर आनलं, नवरीवानी.

नेम काय, तर समोरचा जे म्हनंल त्ये खरं धरायचं. न्हाई म्हनायचं न्हाई. "हो, आणि" म्हनायचं, आन् पदरचं काईतरी घालून पुढं न्यायचं. न्हाई म्हनलं की त्येच्या हातात कुल्फीवाल्याचा भोंगा होता, त्यो वाजनार. मंग इचारलं, काकांबरोबर कोण खेळणार? सगुनाकाकूनं काठी उचलली आन् कैलासच्या बरगडीत घातली. आला वर. अनिमेषनं लोकांना ठिकान इचारलं. पाठीमागनं पुन्याची लोकं वरडली, विमानतळ, जिम. आमचं गाव वरडलं, "बांध!" नातं इचारलं, तर गाव वरडलं, "भावकी!" अनिमेष लई खूश, म्हनला वा, काय मातीतलं आहे. त्येला काय ठावं? बांध आन् भावकी हे दोन शब्द आमच्यात एका दमात घेतलं की तिसरा शब्द फौजदार असतो.

कैलासनं घसा खाकरला. म्हनला, दादा, औंदा पाऊस लई झाला. माझ्या जिभंवर न्हाई आलंच होतं, पन भोंगा दिसला. म्हनलं, व्हय... आन् तुझ्या रानातलं बेडूक माझ्या रानात येऊन वाटा मागाय लागलं. पत्रा हादरला वो! पुन्याची पोरं खुर्च्या बडवाय लागली. म्हनला, दादा, तुमची म्हस लई गुनाची. म्हनलं, व्हय, आन् घरात तेवढीच एक गुनाची हाय, पन मालकीन म्होरं बसलीया म्हून जास्त बोलत न्हाई. पुन्यांदा पत्रा! तुमाला सांगतो, उभ्या आयुष्यात मी चार मानसांत ओट्यावर हसवलं, पन हे असं, उजेड तोंडावर, अंधारातनं हसू येतंय, लाटंवानी... मला चढली. न पिता चढली. मी टोपी जरा तिरकी केली. म्हनलं, इचार, कैलास, अजून इचार!

आन् कैलासनं खाली सोताच्या अंगठ्याकडं बघितलं, आन् हळू आवाजात म्हनला, "दादा, ह्या बांधावरनं आईला घिऊन जीप गेली तर चालंल का?"

पुन्याची लोकं हसली. गाव हसलं न्हाई.

तुमाला ठावं हाय, आमच्यात चारचौघांत तोंडातनं गेल्याला शब्द म्हंजी काय असतो. सोयरिकी तशाच जमत्यात, बैलं तशीच इकत्यात. कागद नंतर, शब्द आदी. हितं तर चारचौघं न्हाई, सबंद गाव बसल्यालं, माना म्होरं काढून. अनिमेष खुशीत उभा भोंगा धरून. त्येला वाटतंय, लोक रंगल्यात. मला न्हाई म्हनायचं होतं. जिभंवर होतं. भोंग्याला कोन भितंय? वाजला असता तर वाजला असता. पन माझी नजर गेली काकूकडं. एरवी माझ्या नावानं तोंडाचा पट्टा बंद न्हाई, आन् आता बाई माझ्याकडं बघतच न्हाई. खाली आपल्या पायाकडं बघत बसल्याली. जसं काय ते पाय दुसऱ्या कुनाचं हायेत, आन् हिच्याकडं निसतं राखायला दिल्यात.

मी म्हनलं, व्हय.

संपलं का? न्हाई संपलं! अनिमेष म्हनतुया, "आणि?" आरं, आनि काय? वाट दिली ना? तर नेम म्हंजी नेम, पदरचं घालायचं. म्हनलं, आन्... जांभूळ आडवं येतंय, त्ये मी तोडून देतो. गावानं अशी आरोळी ठोकली की गाद्याबिद्या समदं भेदून माझी म्हस वरडली. "आणि?" आन् टेकाडावरचा मुरूम टाकून देतो. "आणि?" आन् मधल्या ओघळीला मोरी घालतो, न्हाईतर चाक फसंल. तोंड माझं, पन बोलतोय कोन? टाळी वाजली की मी एक वस्तू दिऊन टाकतोय! "आणि?" म्हनल्यावर मला काय सुचंना, तर धोंडाबाई बसल्या जागंवरनं म्हनली, "आन् जीपमधली कोंबड्यांची घान मी धुवून देते." तिला माझ्यापरास मोठी टाळी पडली. आता बोला!

खेळ संपल्यावर मी लई सारवासारव केली. म्हनलं, मंडळी, हे नाटक होतं. नाटकातला राजा राज्य दान करतो म्हून काय घरी गेल्यावर सात-बारा बदलतो व्हय? अनिमेषबी घाबरला बिचारा. सायलीनं त्येला कानात काईतरी सांगितलं असंल, तर मायक घिऊन समजावाय लागला, प्लीज कोणी सीरियसली घेऊ नका, तो फक्त एक सीन होता. पाठीमागनं कुनीतरी म्हातारं म्हनलं, "सीन तुमचा असंल बाळ, शब्द आमच्या मानसाचा हाय." आन् कैलासनं पुन्यांदा हात जोडलं. त्या हात जोडन्याची मला आता धास्तीच बसलीया. म्हनला, "दादा, थोरली पाती शब्द फिरवत न्हाई." अवो, हे माझं वाक्य! दर जत्रंला मी म्हनतो! माझंच वाक्य माझ्याच गळ्यात. उठता येईना, बसवंना!

सकाळी दार उघडलं तर गाव हजर, फावडी, घमेली, कुऱ्हाडी. मी म्हनलं, जरा थांबा, मुहूर्त बघू, अमावश्या जाऊ द्या. तर म्हनत्यात, मुहूर्ताचा नारळ थोरल्या पातीचा. दिला हातात. सोताच्या बांधाच्या वाटंचा नारळ सोताच्या हातानं फोडला मी. जांभूळ पाडलं, मुरूम पडला, मोरी बसली. ताडपदरी निघाली, धोंडाबाईनं जीप अशी घासली की आतलं सीट कोन्या रंगाचं हाय ते कैलासला पैल्यांदा कळलं. आन् गेली जीप. भुर्रकन. माझ्या ओट्याम्होरनं वळती, बांधानं जाती, काकूच्या दारात उभी ऱ्हाती. बसा बघत.

बरं, समदी वाट वाट करत्यात, माझ्याकडं कोन बघतंय? आता जीप दिसातनं कितींदा जाती. सुरवातीला कैलास भोंगा वाजवून हात करायचा. मंग निसता भोंगा. मंग भोंगाबी न्हाई. मी ओट्यावर बसून थट्टा तयार करून ठिवायचो, ताजी, गरम, आन् जीप जायची धुरळा उडवून. धुरळ्याला सांगू? दसरा आला. म्हनलं, आज येतुया. धोंडाबाईनं च्या ठिवला. मी टोपी धुतल्याली घातली, दोन जुन्या थट्टा घासूनपुसून काढल्या. जीप आली, थांबली... इंजान चालूच. कैलासनं खिडकीतनं हात भाईर काढला, आपट्याची पानं हातात दिली, बसल्या बसल्या मान वाकवली, म्हनला, दादा, सोन्यासारखं ऱ्हावा, आईला घिऊन पावन्यांकडं जायचंय, गडबडीत हाय. आन् गेला! धोंडाबाई दोन कप घिऊन दारात. म्हनली, "प्या आता दोघांचाबी."

प्यायलो. गोड होता तरी कडू लागला.

मला सांगा, मानसानं करावं काय? वाट अडवली तर लोकं नावं ठिवत्यात, दिली तर मानूस गेला! कोंड्यात जाऊन बसावं म्हनलं, तर तितं अनिमेष मला बघितलं की म्हनतुया, काका, या, मधली खुर्ची तुमचीच. आता त्यो पुन्यांदा "आणि" म्हनला आन् मी गिरनीच दिऊन बसलो तर? घरात बसावं तर धोंडाबाई "आणि?" म्हनून चिडवती. भाजी आना म्हनती, आनतो म्हनलं की, "आणि?" उठता येईना, बसवंना!

तर परवाच्या दिशी मी काय केलं... हसू नका. एक बांबू घेतला आन् वाटंवर आडवा टाकला, माझ्या ओट्याम्होरंच. वाईट हेतू न्हाई वो! म्हनलं, थांबतील, उतारतील, दादा बांबू काढा म्हनतील, मी न्हाई म्हनीन, ते म्हनतील काढा की, मी म्हनीन बसा, च्या घ्या... एवढंच. ओट्यावर बसून ऱ्हायलो, मिशीला कलप ताजा. आली जीप. थांबली. इंजान बंद झालं. आरं वा, म्हनलं, जमलं! कैलास उतारला न्हाई. पुढच्या सीटवर सगुनाकाकू, तिनं काच खाली केली, त्या बांबूकडं बघितलं, मंग माझ्याकडं बघितलं.

मी आपला मिशीवर हात फिरवत म्हनलं, काय काकू, बांबू काढू म्हनतीस? इचार की मंग एकदा, गोडीत.

काकूनं काठी खिडकीच्या भाईर काढली आन् माझ्याकडं रोखली. म्हनली, "हैबत्या, वाट काय एकाच अंगानं असती व्हय रं? इतकी वरसं आमी ओढ्यानं वळसा घालून तुझ्या दारात आलो. आता तुला सरळ वाटंनं माझ्या दारात यायला काय पाय मोडल्यात?"